लिंक लागलीय

(बारामतीतला एक कॉम्प्युटर क्लास. १९९९. बाजाराचा दिवस.)

गेणू : आज डब्यावरचा दिवा लईच लुकलुकतोय बघ, पोरी. आमच्या कारभारणीला, आक्काबाईला मुद्दाम आणलंय शेळगावास्नं. दारात चपला काढतीय. म्हणलं, आपला मल्हार मस्कतास्नं कसा बोलतो ते डोळ्यानं तरी बघंल.

करुणा : तात्या, त्या आत यायच्या आधी ऐका. मल्हारदादाची ईमेल आजही नाही.

गेणू : नसंना का. दिवा हाय न्हवं? तूच म्हणली हुतीस, लिंक लागलीय.

करुणा : मी लिंक म्हणाले होते. तुम्ही लाईन समजलात.

गेणू : मंग? फोनची लाईन लागती तसंच की.

करुणा : तसं नाही हो. हिरवा दिवा लागला म्हणजे वायर या डब्यात नीट बसलीय आणि पलीकडचा कॉम्प्युटर चालू आहे. लुकलुकला म्हणजे ते आपसात बोलतायत. पलीकडचा म्हणजे तो, कोपऱ्यातला. मुलं प्रिंट काढतायत.

गेणू : आन मस्कत?

करुणा : ते या फोनच्या वायरीतून. बघा, काढली.

गेणू : ...लुकलुकतोयच की.

करुणा : तेच सांगतेय.

गेणू : म्हंजी पाडव्यापास्नं मी पोरांच्या प्रिंटा बघत बसलोय?

करुणा : मला वाटायचं, तुम्हाला नुसता दिवा बघायला आवडतो.

गेणू : घरी जाऊन हिला सांगायचो, पोरगं बोलतंय, खुशाल हाय. आता काय सांगू गं? त्याच्या तिकडल्या कंपनीला परत लिव्हतीस का?

करुणा : लिहिलं होतं. या नावाचा माणूस आता आमच्याकडे नाही, एवढंच उत्तर आलं. कुठं गेला ते त्यांनाही माहीत नाही.

आक्काबाई : नका सांगू काय. ऐकलं मी. आन मला ठावं हुतंच.

गेणू : कवापास्नं?

आक्काबाई : पयल्यापास्नं. बोलायचं असतं तर शेजारच्या दुकानात फोन केला असता की त्यानं. दिव्याशी कशाला बोलंल?

गेणू : मंग मला दर बाजारला भाकरी बांधून का धाडत हुतीस?

आक्काबाई : तुमी हिकडं आला की घरात कुनी नसतं. तेवढंच मला रडाय मिळतं.

गेणू : ...बरं. येत जाईन मी.