सत्तेचाळीस घरांचा एक नंबर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडम. मुख्य कार्यालयातून खास वेळ काढून आलेले साहेब. व्यासपीठावर असूनही खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या संगणक केंद्राच्या ताई. पहिल्या रांगेत बसलेली माझी आई. आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मॅडमनी सुरुवातीलाच सगळ्यांना फोन बंद ठेवायला सांगितलं. माझा चालू आहे. मुद्दाम ठेवलाय, रागावू नका, कारण पुढे येईल.

मी किल्ल्या बनवणारा माणूस. माझ्या दुकानाची आणि केंद्राची भिंत एक, एवढ्या पात्रतेवर मला इथं उभं केलंय. भाषण लिहून आणलंय, पण पहिल्याच ओळीला अडलो. आधी 'अभिनंदन' लिहिलं, ते खोडून 'निरोप' लिहिलं, मग तेही खोडलं. झालं असं, की गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयाकडून ताईंना एक पाकीट आलं. त्यात दोन कागद. एक, पुराच्या वेळी केलेल्या कामाचं प्रशस्तिपत्र. दुसरा, बदलीचा हुकूम. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. आता मला सांगा, माणसानं टाळ्या वाजवायच्या की कपाळावर हात मारून घ्यायचा? मी घरी दोन्ही करून बघितलं. बायको म्हणाली, तब्येत बरी आहे ना?

साहेब हसले. म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.

हुकुमात कारण दिलंय: 'सत्तेचाळीस व्यक्तींच्या नोंदीत एकच फोन नंबर आढळला.' खरं आहे, खोटं कशाला बोलू? तो नंबर ताईंचा स्वतःचा. कुठलाही अर्ज भरायचा म्हटलं की फोन नंबर लागतो. खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे फोन नाही. असला तर तो चालू कसा करायचा ते माहीत नाही. मग काउंटरवर ठरलेलं बोलणं व्हायचं. "आजोबा, नंबर?" "तुझाच टाक की, पोरी." आणि ताई टाकायच्या. पेन्शनचा मेसेज आला की संध्याकाळी घरी जाताना त्या दारात उभ्या राहून सांगायच्या. नियमात बसत नव्हतं. आमच्या अंगवळणी मात्र पडलं होतं.

पण सगळेच काही नाइलाजानं देत नव्हते. आईचा अर्ज भरायला मी स्वतः गेलो होतो. ती खालच्या गल्लीत एकटी राहते. वर माझ्याकडे ये म्हटलं की म्हणते, तुझ्या घरात माझं शिलाई मशीन मावत नाही. ताई मला म्हणाल्या, "तुमचा नंबर द्या ना, मुलगा आहात." मी म्हणालो, "छे हो, दिवसभर टुंगटुंग कोण ऐकणार? तुमचाच टाका." एवढं बोलून मी चहाला गेलो. त्यात काही चुकलं असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुपारचे पावणेतीन. मी एका कागदाची झेरॉक्स काढायला केंद्रात गेलो होतो. ऊन पडलं होतं, पावसाचा थेंब नाही. ताईंच्या पडद्यावर धरणाच्या कार्यालयाची सूचना आली: वर फार पाऊस झालाय, दरवाजे उघडलेत, तीन तासांत नदीकाठी पाणी शिरेल. केंद्राच्या यादीत सहाशे बारा नावं. ताईंनी दोन ओळींचा मेसेज लिहिला आणि सगळ्यांना एकदम पाठवला.

आणि टेबलावरचा त्यांचाच फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला, मी झेलला. मला काय, हसूच आलं! म्हणालो, "वा ताई, स्वतःलाच इशारा दिलात!"

त्या हसल्या नाहीत. फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, हा जितक्यांदा वाजतोय ना, तितक्या घरांत काहीच कळलेलं नाही."



त्यांनी त्या एका नंबरची सगळी नावं पडद्यावर काढली. प्रिंटर नेमका तेव्हाच रुसला. मग त्या मोठ्यानं वाचत गेल्या आणि केंद्रात जे कोणी होतं त्यानं लिहून घेतलं. मी होतो, पोस्टमन होता, लग्नाच्या दाखल्यासाठी आलेलं एक नवीन जोडपं होतं. एकेकाला दहा-बारा घरं. सात नावं झाली. आठवं नाव वाचताना ताई थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आठवं नाव माझ्या आईचं.

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. आई मशीनवर बसली होती, उशीचा अभ्रा शिवत. म्हटलं, "ऊठ, पाणी येतंय." ती म्हणाली, "ऊन पडलंय बाहेर, पाणी कुठलं? कुणी सांगितलं तुला?" म्हटलं, "ताईंचा फोन वाजला." तिनं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आणि तुझा का नाही वाजला?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिला हाताला धरून वर आणलं. साडेपाचला त्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं, सहाला दारांच्या कड्या बुडाल्या. मशीन गेलं. माणूस एकही गेलं नाही, त्या सत्तेचाळिसांतलं एकही नाही.

पुढचे नऊ दिवस याच हॉलमध्ये केंद्र चाललं. ताईंनी दाराशी टेबल टाकलं, कोण कुठं आहे, कुणाला कुठलं औषध लागतं, सगळं त्या संगणकात टाकायच्या. 'चटया, बाळाचं दूध आणि मधुमेहाच्या गोळ्या, बाकी काही नको' असं त्यांनी बाहेरगावी कळवलं. तरी एका सद्गृहस्थांनी पोतंभर टाय पाठवले. आम्ही त्यांची कपडे वाळत घालायची दोरी केली. असो, मी भरकटलो.

तर माझा गोंधळ असा आहे, साहेब. ताईंनी नियम पाळला असता, तर सत्तेचाळीस वेगवेगळे नंबर असते. सत्तेचाळीस मेसेज बरोबर ठिकाणी गेले असते. आईचा माझ्याकडे आला असता. मग सगळं ठीक झालं असतं ना?

आता जे मी घरीही बोललो नाही ते सांगतो. माझं स्वतःचं नावही त्या यादीत आहे. मलाही मेसेज आला होता, पावणेतीनलाच. पण किल्ली कापताना लोखंडाचा कीस उडतो, म्हणून मी फोन दिवसभर खणात टाकून ठेवतो. तो रिकाम्या दुकानात वाजला. मी पाहिला दुसऱ्या दिवशी सकाळी.

म्हणजे नियमानं माझ्या आईला कळवायचं काम माझ्याकडे आलं असतं, आणि मी ते खणात ठेवलं असतं. मग चूक कुणाची? ताईंनी चूक केली म्हणून आई वाचली, की मी चूक केली म्हणून ताईंना करावी लागली? बदली कुणाची व्हायला हवी होती? मी महिनाभर विचार करतोय, मला काही सुधरत नाही. तुम्हाला सुधरलं तर जेवताना सांगा.

एक मात्र स्वच्छ कळलं. ताई उद्या जाणार, त्यांच्याबरोबर त्यांचा फोनही जाणार. म्हणून गेल्या आठवड्यात त्या आणि त्यांच्या जागी नवीन आलेल्या मॅडम घरोघर हिंडल्या. शेहेचाळीस घरांना कुणी ना कुणी मिळालं: सून, शेजारी, समोरचा शिंपी. एक नाव राहिलं. मी रोज म्हणायचो, उद्या देतो. मनात वेडी आशा, नोंद अपुरी राहिली तर ताईंना जाता येणार नाही. ताई, तुम्ही गेलात की भिंतीपलीकडून हाक कुणाला मारू, तेही मला कळत नाहीये.

पण नाटक पुरे. नवीन मॅडम समोर संगणक घेऊन बसल्यात. मॅडम, आठव्या नावापुढचा ताईंचा नंबर काढा आणि माझा टाका. टाकलात? आता त्या नावाला एक मेसेज पाठवा, काहीही लिहा.

तोवर मी अध्यक्षांचे, साहेबांचे, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आणि ताईंचे आभार मानतो. ताई, तुमचे तर किती मानू! बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि मुख्याध्यापिका मॅडम, कार्यक्रमात फोन वाजू देऊ नये हे मला...

हा वाजला बघा. खिशात आहे, आई. खणात नाही.