दाजींचं पाचोड

तुम्हीच सांगा, माणसाला राग येणार नाय तर काय? मी रोज सकाळी सायकलवर हर्सूल तलावापर्यंत जातो. कुत्री मागं लागतात, ट्रकची धूळ खातो, येताना वारा तोंडावर. आणि आमचे दाजी औरंगपुऱ्यातल्या घरात पंख्याखाली, जागेवरच फिरणाऱ्या सायकलवर पाय मारतात आणि मलाच म्हणतात, "नुसतं हर्सूल? मी तर आज पाचोड गाठलं!"

पाचोड! पन्नासेक किलोमीटर. तिथं माझी आई राहते, म्हणजे ह्यांची सासू.

रोज रोज हेच ऐकून माझं डोकं फिरलं. एक दिवस त्यांच्याच गॅलरीतून आईला फोन लावला. "दाजी रोज सायकलवर पाचोडला येतात म्हणं."

आई भडकलीच. "रोज गावात येतात अन् सासुरवाडीच्या दारात पाय ठेवत नाय? आमचं असं काय चुकलं?"

तिनं लगेच दाजींना फोन केला. अधिक महिना चालू होता, जावयाच्या धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण आधीच देऊन झालेलं. दाजी पार गडबडले. "आई, मी घरातून हललोच नाय हो! सायकल जागेवरच असते, नुसते आकडे पळतात."

"असं व्हय," स्पीकरवरचा आईचा आवाज मला गॅलरीत ऐकू आला. "मग रविवारी धोंड्याचं जेवायलाबी असंच या, जावईबापू. घरातून हलू नका."