मिलिंदचं चाकांवरचं घर

कुणाला त्रास न देणारी माणसं मला फार आवडतात. आमचा मिलिंद अगदी तसाच. कॉलेजपासूनचा मित्र, हल्ली दम्मामला असतो. त्यानं गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन घेतली आणि बायकोला घेऊन जुन्या मित्रांना भेटायला निघाला. बहारीनमधले पहिले भाग्यवान आम्ही.

"तुम्ही काहीही करायचं नाही. झोपायचं, चहाचं, सगळं आत आहे," त्यानं फोनवरच बजावलं होतं.

उम्म अल हस्समच्या आमच्या गल्लीत ते घर चार गाड्यांची वाट अडवून उभं राहिलं. त्यांचा गॅस संपला होता, म्हणून चहा आमच्याकडे. त्यांच्या बाथरूममध्ये बॅगा ठेवल्या होत्या, तेव्हा आंघोळीही आमच्याकडेच. जेवणाचं तर विचारूच नका. मग कॅराव्हॅनच्या गादीनं वहिनींची कंबर धरली आणि आमची बेडरूम गेली. आमची ही मुलीच्या खोलीत झोपायला गेली.

एवढ्यात वॉचमन वर आला. "साब, किसी को गाडी निकालना पडा तो? अंदर एक आदमी चाहिए, खलास."

मिलिंदनं जांभई दिली. "मी गाडी चालवून पार दमलोय रे," म्हणत त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. दम्मामहून इथे यायला लागतो जेमतेम दीड तास!

सकाळी कॅराव्हॅनचं दार वाजलं. बाहेर मिलिंद उभा, माझीच बर्म्युडा घालून, माझ्याच कपातून चहा पीत.

"लागली ना झोप?" म्हणाला. "संकोच करू नकोस हां. आपलंच घर समज."