चाळीस मिनिटं

मुलगी: असं नका ना बघू बाबा. चूक झाली, कबूल करतेय मी.

बाबा: समजून घेतोय गं. कॅमेरा होता, मी होतो, तू समोर होतीस. चाळीस मिनिटं बोललो मी. ते गेलं कुठे?

मुलगी: बटण दोनदा दाबलं गेलं. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मला वाटलं चालू आहे, ते होतं बंद. तुमचं बोलणं संपल्यावर बंद करायला गेले, तेव्हा चालू झालं.

बाबा: म्हणजे काहीच आलं नाही?

मुलगी: आलं ना. मी कॅमेरा काखेत धरून पाणी प्यायला गेले, ते सगळं आलंय. फरशी, चपला, तुमची बादली.

बाबा: छान. फरशीची मुलाखत. दे नेऊन तुझ्या सरांना.

मुलगी: चालू असलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो. या कॅमेऱ्याचा नेमका तोच कोपरा फुटलाय. सरकारी विद्यापीठ आमचं. धड चालणारा हा एकच, आणि आम्ही तेवीस जण. दुरुस्तीचा अर्ज मी पहिल्या वर्षाला होते तेव्हाचा आहे. आता तिसरं संपत आलं.

बाबा: आमच्या कारखान्यात असंच. काही मोडलंय हे वर कळायला माणूस मोडावा लागायचा.

मुलगी: पाच वाजता कॅमेरा परत द्यायचाय. रजिस्टरवर पुढचं नाव लागलंय. शुक्रवारी फिल्म जमा करायची, आणि तुमची मुलाखत नसेल तर माझ्याकडे उरतं काय? तुमच्या हातांचे क्लोजअप आणि कारखान्याचं बंद फाटक. सर म्हणाले, ही फिल्म नाही, कॅलेंडर आहे. नापास होईन मी.

बाबा: मग मी काय करू?

मुलगी: पुन्हा एकदा सांगा. त्या दिवशी सांगितलंत तसंच.

बाबा: काय सांगितलं होतं मी?

मुलगी: कारखान्याचं. प्रेस मशीनचं. लंबूकाकांचा अपघात.

बाबा: त्याचं काय?

मुलगी: त्यांचा हात मशीनमध्ये गेला. मग दवाखाना...

बाबा: पुढे.

मुलगी: परीक्षा घेताय का माझी?

बाबा: घेतोय. पुढे काय सांगितलं?

मुलगी: तुम्ही फार हळू बोलत होता. पंख्याची घरघर येत होती, माझं सगळं लक्ष हेडफोनमध्ये. मधेच तुम्ही पुढे वाकलात, फोकस गेला. खिडकीतलं ऊन सरकत होतं. एकटीनं सगळं सांभाळायचं म्हणजे...

बाबा: म्हणजे ऐकलं नाहीस.

मुलगी: कानावर पडत होतं की. वाटलं, रेकॉर्ड होतंय, एडिटिंगला बसले की नीट ऐकेन. आमच्याकडे सगळे तसंच करतात.

बाबा: एकवीस वर्षं मी हे तोंडातून काढलं नव्हतं. तुझ्या आईजवळसुद्धा नाही. तू समोर बसलीस, म्हणालीस, बोला बाबा, मला ऐकायचंय. वाटलं, पोरगी शिकतेय, हिला कळेल. मधे मला पुढे बोलवेना, तेव्हा तू मान हलवलीस. तेवढ्यावर मी उरलेलं बोललो.

मुलगी: ती मान मी... आवाज ठीक येतोय म्हणून हलवली होती.

बाबा: असू दे.

मुलगी: नाही, असू दे नाही. आता सांगा. कॅमेरा बॅगेत आहे, बघा. नुसतं मला सांगा.

बाबा: पाच वाजतील तुझे.

मुलगी: वाजू देत.

बाबा: प्रेसला पुढे जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी लावली की माल कमी निघतो. त्या दिवशी सुपरवायझरनं सकाळीच सगळ्यांच्या जाळ्या काढायला लावल्या. माझीही. लंबू एकटा नको म्हणत होता. दुपारी त्याचा हात कोपरापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी तो गेला. तो दवाखान्यात होता तेव्हाच कागद तयार होता. जाळी त्यानं स्वतः काढली, मी शेजारच्या मशीनवरून पाहिलं, असं त्यात लिहिलेलं. मी सही केली.

मुलगी: का?

बाबा: तू पोटात होतीस, सातवा महिना. सही केली नसती तर दुसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर. असं मी स्वतःला समजावत आलोय. भेकड होतो, हेही खरंच.

मुलगी: आणि काकू?

बाबा: आली होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, भावजी, खरं काय ते सांगा. मी कागदावरचंच सांगितलं. चूक लंबूची ठरली, तिला काही मिळालं नाही. पुढच्या महिन्यात मला कारखान्यात कायम केलं.

मुलगी: बाबा, हे लोकांना कळायला हवं. काकूंना कळायला हवं. मी नीट लावते कॅमेरा, दहादा तपासते.

बाबा: लोकांना कळावं म्हणून, का शुक्रवार म्हणून?

मुलगी: दोन्ही.

बाबा: निदान खरं बोललीस.

मुलगी: त्या दिवशी कॅमेऱ्यासमोरच बोललात ना? मग आज काय झालं?

बाबा: त्या दिवशी मला तू दिसत होतीस. आज तुझे सर दिसतील.

मुलगी: म्हणजे नाही म्हणताय.

बाबा: नाही कुठे म्हणतोय? बापापायी पोरगी नापास झाली, हे एवढं आणखी नको माझ्या डोक्यावर. काढ कॅमेरा. कुठे बसू?

मुलगी: तिथेच, खिडकीपाशी.

(ती कॅमेरा लावते, थोडं रेकॉर्ड करून तपासते, पुन्हा सुरू करते.)

मुलगी: चालू आहे. सांगा बाबा, त्या दिवशी काय झालं?

बाबा: माझा एक मित्र होता. आम्ही त्याला लंबू म्हणायचो. कामाला वाघ, पण घाई फार. सुपरवायझरसाहेब सारखे बजावायचे, जाळी लावल्याशिवाय हात घालू नका.

मुलगी: बाबा.

बाबा: बोलू दे मला. जाळी त्यानं स्वतःच काढली होती. मी शेजारच्या मशीनवर होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.