मालिकेतला मामा

आमच्या आईला मालिकेतलं काही खोटं सांगू नका, मी सांगून बसलोय. ताईच्या लग्नाला चार दिवस उरले होते. टीव्हीवर राजकन्येचं लग्न चाललेलं, उडते घोडे वगैरे. कोणीतरी राजाच्या पेल्यात विष टाकलं आणि नेमकी लाईट गेली.

"कोणी टाकलं रं?" आईने विचारलं.

मी उगाच म्हणालो, "नवरीच्या मामाने."

झालं. ताईला मांडवात आणायचा मान आमच्या मामाचा. आईने मनोरला त्याच्या घरी फोन लावला. "दादा, तू मांडवात येव नको. बाहेरच बस."

"का पण?"

"देवाने इशारा दिलाय."

तासाभरात मामा मोटारसायकलवर दारात हजर. ताई रडायला लागली, मामाशिवाय मांडवात जाणार नाय म्हणे. शेवटी मी कबूल केलं की मामाचं नाव मीच घुसवलं. पुरावा म्हणून मोबाईलवर तो भाग लावला, चौघांनी बघितला.

विष खरंच नवरीच्या मामाने टाकलं होतं.

आई भावाकडे बघतच बसली. मामा शांतपणे म्हणाला, "त्याला आहेरात नुसती टॉवेल-टोपी दिली असणार."

आईने मला तसंच पालघरला पिटाळलं, मामासाठी सफारीचं कापड आणायला.