स्पीकरवरून हेडफोनवर

"आवाज स्पीकरवरून हेडफोनवर न्यायला चार ठिकाणी क्लिक करायचं? तोवर ही खोलीत येऊन ठेपते!"

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेल्या शिवणवाल्या बाईंनी कान टवकारले.

"एका बटणावर करून देतो, काका. पण एवढी घाई कसली?" दुकानदाराने विचारलं.

"लेक कॉम्प्युटरवर फोन करते. तिचा आवाज कानावर पडला की हिचं डोकं फिरतं."

"फिरणारच! लग्न करताना विचारलं होतं का आईला?" काकांशेजारी बसलेल्या काकू फणकारल्या.

"बघितलंस ना?"

"झालं, काका. हे दाबा."

"वा! गेला की हेडफोनवर! आता घरात शांतता."

काकू पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या. बाई कीबोर्ड विसरून पुढे सरकल्या.

"दादा, ते बटण काढून टाका," काकू म्हणाल्या.

"का हो, काकू?"

"मी दाराआड उभी असते. यांनी हेडफोन लावला की पोरगी मला ऐकूच येत नाही."