जादा उचल

सयाजी : मग हितंच काढू म्हणता?

एजंट : इथेच. दंडाचं पत्र बँकेनं पाठवलंय, म्हणजे तो बँकेतच भरायचा. ज्योतीराम, हे कोण?

ज्योतीराम : सयाजी वस्ताद, साहेब. कुरुळीची तालीम यांची. आपण एजंट म्हणून शाखेचा कारभार हाती घेतल्यावर ज्या खात्यांना पत्रं धाडली, त्यातलंच एक.

एजंट : हां, तालीम. या वस्ताद. पत्र मिळाल्याबरोबर आलात, हे मला फार आवडलं. लोक टाळतात हो.

सयाजी : टाळायचं काय त्यात. चुकलं की दंड हायेच. फकस्त सगळ्यांदेखत काढायला हरकत न्हाई ना, तेवढं इचारलं.

एजंट : हरकत कसली? सगळेच काढतात. परवा त्या दुर्गाबाई आल्या होत्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी पाच काढले.

सयाजी : दुर्गाबाईनं? पाच?

एजंट : आधी दोन काढले. मग जरा दम खाल्ला आणि कनवटीतून आणखी तीन.

सयाजी : कनवटीतनं म्हंजी, पदर खोचून?

एजंट : हो, तसंच काहीतरी चाललं होतं.

सयाजी : मग आमाला लाज वाटाया पायजे. पत्रात पंधरा लिवलेत.

एजंट : पंधराच.

सयाजी : काल तालमीत बोलणं झालं यावर. सगळ्यांचं म्हणणं पडलं, वस्तादानं चाकणला जाऊन नुसते पंधरा काढले तर निघोज्याची पोरं वर्षभर हसतील. मी पन्नास काढतो.

एजंट : पन्नास?

सयाजी : एका दमात.

एजंट : अहो, एवढे कशाला? पण तुमची इच्छाच असेल तर काढा. पंधरा दंडात घेऊ, उरलेले पस्तीस तुमच्या खात्यावर जमा राहतील.

सयाजी : आसं जमा ठिवता येतं?

एजंट : बँक त्यासाठीच असते.

सयाजी : म्हंजी पुढच्या वक्ताला काय चुकलंमाकलं तर…

एजंट : त्यातूनच वळते करू. तुम्हाला हेलपाटा नाही. शिवाय व्याज मिळेल.

सयाजी : दंडावर याज.

एजंट : अडीच टक्के.

सयाजी : नानासायेब एजंट व्हते तवा ह्ये कधी बोलले न्हाईत.

एजंट : नानासाहेब पुष्कळ गोष्टी बोलले नाहीत. त्याच तर मी निस्तरतोय. हं, काढा. ज्योतीराम, मोजून घ्या. … अहो, सदरा कशाला काढताय?

सयाजी : घामानं खराब हुतो.

(पन्नास पुरे होईपर्यंत शाखेचं कामकाज बंद. कांद्याचे पैसे न्यायला आलेले दोघे जण रांग सोडून भिंतीला टेकतात.)

ज्योतीराम : एकोणपन्नास, पन्नास. बरोबर आहेत साहेब. एकही खोटा निघाला नाही.

एजंट : हे काय होतं?

सयाजी : दंड. आमी जोर म्हणतो, कागदावर दंड लिवत आसतील. आता पावती द्या.

एजंट : वस्ताद, दंड म्हणजे रुपये. पंधरा रुपये.

सयाजी : पत्रात कुटं हाय रुपये? आमचा मालोजी चौथी शिकलाय. त्यानं तीनदा वाचलं.

एजंट : द्या बघू इकडं. ‘आपले खात्यावर शिलकेपेक्षा जादा उचल आढळली. सबब पंधरा दंड. आठ दिवसांत समक्ष भरणे. अन्यथा खाते बंद.’ … ज्योतीराम, रुपये कुठे गेले?

ज्योतीराम : गाळले साहेब.

एजंट : का?

ज्योतीराम : आपण आल्या आल्या सांगितलंत, शाई फार जाते, अनावश्यक शब्द गाळा. मी ‘कृपया’ गाळलं. ‘आपला नम्र’ गाळलं. रुपयांचं मात्र मुद्दाम विचारलं होतं. आपण म्हणालात, बँकेत रुपये सोडून दुसरं काय असणार.

एजंट : मी असं म्हणालो?

ज्योतीराम : चहा पिताना.

एजंट : बरं, ते असू दे. पण वस्ताद, बँक माणसाला जोर काढायला लावेल, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

सयाजी : वर कारण दिलंय की. जादा उचल.

एजंट : उचल म्हणजे खात्यातून पैसे उचलणं.

सयाजी : आमाला वाटलं तिजोरी.

एजंट : कुठली तिजोरी?

सयाजी : ही काय, तुमच्या पाठीमागची. गेल्या साली पुन्याहून ट्रकनं आली. हमालांनी हात लावून बघितला आन घरी गेले. मग नानासायबांनी आमाला सांगावा धाडला. आमी सहा जण आलो, उचलून आत ठिवली. तर म्हणाले, दार भिंतीकडं झालंय. पुन्यांदा उचलून फिरवली. तर म्हणाले, खिडकीच्या उजेडाला आड येती. तिसऱ्यांदा उचलली, त्यात मालोजीची पाठ धरली. आता पत्र आलं, शिलकेपेक्षा जादा उचल. आमी म्हणलं खरं हाय, अंगात जोर शिल्लक व्हता त्यापरीस जादाच झाली. तीन उचली, उचलीला पाच. पंधरा दंड. हिशेब जुळला.

एजंट : जुळला खरा.

ज्योतीराम : आपलाही तसाच जुळतो साहेब. तीन चेक, चेकला पाच.

एजंट : हां, ते तीन चेक. ऐका वस्ताद. तुम्ही वाण्याला चेक दिलात बदामाचा, मग दुसरा तुपाचा, मग तिसरा परत बदामाचा. खात्यात तेव्हा दमडी नव्हती.

सयाजी : नानासायेब म्हणाले चालंल. निम्मी पोरं पिंपरीला औषधाच्या कारखान्यात लागलीत, पगार झाला की वर्गणी यील. आन आली की. भरली सगळी.

एजंट : भरलीत, मान्य. पण मधला महिनाभर बँकेचे पैसे तुमच्या पोरांच्या पोटात होते.

सयाजी : पोटात न्हाई, दंडात. भाईर उभी हायेत, बघा हात लावून.

एजंट : नको. मी आपला हे पंधरा तुमच्या खात्यातून वळते करतो. विषय संपला.

सयाजी : आसं नका करू सायेब. खात्यात पन्नास हायेत. उद्या कुरुळीची जत्रा. शेवटच्या कुस्तीला चांदीचं कडं बोलून बसलोय आमी. सराफ पन्नास घेतल्याबिगर कडं हातात देत न्हाई. पंधरा तुमी ठिवून घेतले, तर उद्या भर आखाड्यात मी काय देऊ, नारळ?

एजंट : मला वाईट वाटतं. पण नियम आहे.

ज्योतीराम : साहेब, कडं मात्र निघालंच पाहिजे.

एजंट : तुमचा काय संबंध?

ज्योतीराम : मी निघोज्याचा. उद्याची शेवटची कुस्ती आमच्या भिमाजीची आहे. धाकटा भाऊ.

सयाजी : भिमाजीची आन आमच्या मालोजीची. दोन्ही नावं घ्यावीत.

ज्योतीराम : पाठ धरलेल्या मालोजीची.

सयाजी : सुटली ती.

ज्योतीराम : उद्या परत धरेल.

एजंट : कुस्ती उद्या खेळा. वस्ताद, माझ्या हातात खरंच काही नाही. झालेली उचल माघारी घेता येत नाही.

सयाजी : येती की.

एजंट : कशी?

सयाजी : पोरं हायेतच. जेवढी जादा उचलली तेवढी परत खाली ठिवतो. तिसरी उचल माघारी घेतली, की तिजोरी उजेडाच्या आड. दुसरी घेतली, की दार भिंतीला. पहिली घेतली, की तिजोरी रस्त्यावर. मग दंड कशाचा ऱ्हातो?

एजंट : रस्त्यावर.

सयाजी : जिथनं उचलली तिथं. कडुनिंबाखाली. सावली हाय.

एजंट : अहो, आत रोकड आहे.

सयाजी : आसू द्या. तेवढ्यानं वजनाला फरक पडत न्हाई.

एजंट : ज्योतीराम, हे चेष्टा करताहेत ना?

ज्योतीराम : वस्ताद चेष्टा करत नाहीत साहेब. एकदा केली होती, सगळ्यांनी खरी धरली. तेव्हापासून सोडून दिली.

सयाजी : मालोजीला हाक मारू का?

एजंट : थांबा. त्याच्या पाठीचा तरी विचार करा. … ज्योतीराम, या सहा जणांनी ही तिजोरी तीन तीनदा उचलली. हमाली किती दिली आपण?

ज्योतीराम : बारा रुपये मंजूर आहेत. नानासाहेबांची सही आहे. न्यायला कोणी आलं नाही.

एजंट : मग सुटला की गुंता. वस्ताद, ते बारा तुमचे. घ्या ते.

सयाजी : न्हाई.

एजंट : का?

सयाजी : तालमीतलं पोरगं उचलायचे पैसे घेत न्हाई. एकदा घेतले, की उद्या मुद्गल उचलायचेबी मागंल. मग आमी बदाम कशातनं घ्यावेत?

एजंट : पैसे तुमच्या हाताला लागणारच नाहीत. ज्योतीराम वहीत ते या ओळीतून काढतील आणि त्या ओळीत घालतील. हमाली खर्ची, दंड जमा.

सयाजी : म्हंजी घेतल्यासारखं हुनार न्हाई?

एजंट : घेतल्यासारखं नाही आणि दिल्यासारखंही नाही.

सयाजी : मग तुमची बँक चालती कशावर?

एजंट : याच्यावरच.

सयाजी : आसं आसंल तर घाला तिकडं.

ज्योतीराम : घातले. बारा झाले साहेब. तीन कमी पडतात.

सयाजी : तीन कमी म्हंजी कडं अडलंच.

एजंट : नाही अडत. … हे धरा ज्योतीराम. तीन.

ज्योतीराम : हे आपल्या पाकिटातले आहेत.

एजंट : रुपये गाळायला मीच सांगितलं होतं ना.

ज्योतीराम : जमा कोणाकडून लिहू?

एजंट : लिहू नका. शाई वाचवा. आणि यांची पावती करा. ‘पंधरा दंड भरून पावले.’ बस, तेवढंच.

ज्योतीराम : रुपये घालू का मध्ये?

एजंट : राहू द्या. असंच जास्त खरं आहे.

सयाजी : उपकार झाले सायेब. आन माझे पस्तीस?

एजंट : कुठले पस्तीस?

सयाजी : मी पन्नास काढले. पंधरा तुमी धरले. तुमीच म्हणला जमा ऱ्हातील.

एजंट : … ज्योतीराम, ठेवा जमा.

ज्योतीराम : व्याज?

एजंट : अडीच टक्के. आणि त्यांचे पन्नास रुपये द्या आधी, सराफ उठून जाईल.

सयाजी : आता एक राह्यलं सायेब. उद्या दुपारी कुरुळीला यायचं. कडं तुमच्या हातनं द्यायचं. दर साली नानासायेबच द्यायचे, बँकेचा मान हाय तो.

एजंट : मी? मला कुस्तीतलं काही कळत नाही हो.

सयाजी : कळायचं काय त्यात. जो जित्तंल त्याच्या हातात कडं घालायचं. मग त्योच हात धरून वर करायचा, पंचक्रोशीला दिसंल आसा.

एजंट : तो आपणहून नाही करत वर?

सयाजी : दमल्याला आसतो. हात सोडून देतो सगळा तुमच्यावर. नानासायबांना दोन्ही हात लावाया लागायचे, आन त्ये काय बारीक न्हवते.

एजंट : आणि नाहीच झाला वर, तर?

सयाजी : मग लोकास्नी कळत न्हाई, जित्तला का हारला. येऊ का? रामराम.

एजंट : रामराम. … ज्योतीराम.

ज्योतीराम : साहेब.

एजंट : तुमच्या भिमाजीचा हात साधारण केवढा असेल?

ज्योतीराम : माझ्या मांडीएवढा.

एजंट : आणि मालोजीचा?

ज्योतीराम : त्याची काळजी नको. तो जिंकणार नाही.

एजंट : असं करा, कांद्याच्या त्या दोघांचे पैसे देऊन टाका आणि दार जरा लोटून घ्या.

ज्योतीराम : जेवणाची सुट्टी व्हायचीय अजून.

एजंट : पाचच मिनिटं. आणि हा कोट धरा.

ज्योतीराम : किती काढणार साहेब?

एजंट : बघू. दुर्गाबाईंएवढे तरी.

ज्योतीराम : मध्ये दम खाऊन?

एजंट : हो. आणि मोठ्यानं मोजू नका.